दहावीचं काय?

नारायण पेठेत राहून मुलाला शाळेत न घालणं म्हणजे घराबाहेर पडायचीच चोरी. एका अंगाला रमणबाग, लक्ष्मी रस्त्याला लागलं की हुजूरपागा, अप्पा बळवंत चौकाकडे वळलं की नूमवि, शनिवारात शिरलं की अहिल्यादेवी. शाळा सुटायच्या वेळी इथल्या रस्त्यांवर माणूस चालत नाही, दप्तरांच्या मधून वाट मिळेल तसा सरकत राहतो. केसरीवाडा आमच्या खिडकीतून दिसत नाही, पण भाद्रपदात ऐकू येतो. चिपळूणकरांच्या जोडीने ज्यांनी 1880 साली न्यू इंग्लिश स्कूल काढलं त्या लोकमान्यांच्या शेजाराला राहून आमच्या चिरंजीवांनी जाहीर केलं की, आता मुलीला शाळेत पाठवणार नाही, होमस्कूलिंग करणार.

कारण विचाराल तर प्रोजेक्ट. शाळेचं नाव घेत नाही. चांगली शाळा आहे, फी तर फारच चांगली आहे. तिथे दुसरीतल्या मुलांना कडधान्यांचा तक्ता करून आणायला सांगितला. रात्री साडेअकरापर्यंत सूनबाई फेव्हिकॉलने मटकी चिकटवत होत्या, चिरंजीव इंटरनेटवर मसूर आणि मसूरडाळ यांतला फरक शोधत होते, आणि जिचा तक्ता ती केव्हाच झोपली होती. तक्त्याला ‘बी प्लस’ मिळाला. सूनबाईंना आयुष्यात कधी ‘बी प्लस’ मिळालेला नव्हता. त्या म्हणाल्या, "शिकवायचं घरी, करायचं घरी, मग शाळेत फक्त तपासायला पाठवायचं का?" हा मुद्दा मला तरी बिनतोड वाटला. पण मी तसं बोललो नाही, कारण घरी शिकवायचं म्हणजे दिवसा घरी कोण असतं याचा हिशेब मला चटकन करता येतो. बँकेत 36 वर्षं काढली आहेत.

बातमी जिन्यातून उतरायला संध्याकाळ लागली नाही. आमची इमारत पूर्वी वाडा होती. वाडा पाडून लिफ्ट आली, पण एकाच्या घरचं सगळ्यांच्या घरचं, ही पद्धत काही बिल्डरला पाडता आली नाही. पहिला प्रश्न लिफ्टमध्येच आला. "दहावीचं काय?" नात आठ वर्षांची. तिचे पुढचे दोन दात अजून पुरते आलेले नाहीत. पण पेठेत मूल पाळण्यात घालतानाच बहुधा नाव कानात सांगतात आणि दहावीचं काय ते आत्याला विचारतात. मग दर मजल्यावर तोच प्रश्न. दूधवाला, पेपरवाला, पत्र्या मारुतीला प्रदक्षिणा घालताना मागून येणारे गृहस्थ, सगळ्यांना दहावीची काळजी. तिसरीचं काय, चौथीचं काय, हे कुणी विचारत नाही. मधली वर्षं जणू दहावीला जायचा बोगदाच.

तळमजल्यावरच्या आजींनी मात्र दहावी काढली नाही. त्या हुजूरपागेच्या जुन्या विद्यार्थिनी, वय नव्वदीकडे, आवाज अजून प्रार्थनेच्या रांगेतला. त्यांनी चिरंजीवांना बोलावून घेतलं. "आमच्या आईला मुली शिकवते म्हणून सासरी बोलणी खावी लागली. आणि तू मुलीला घरी बसवतोस?" चिरंजीव तयारीत होते. त्यांनी सांगितलं की सावित्रीबाईंना जोतीरावांनी घरीच शिकवलं, मग 1848 साली भिडेवाड्यात शाळा निघाली. रमाबाई रानड्यांचंही तेच. न्यायमूर्ती रोज रात्री धडे घेत, दिवसा घरातल्या बायका टोमणे मारत, आणि एवढं सोसून त्या शिकल्या त्या घरीच. "म्हणजे काकू, होमस्कूलिंग हे आपल्या पुण्याचंच आहे."

आजींनी चष्मा काढला. "रमाबाईंना घरी शिकावं लागलं ना? त्याच न्यायमूर्तींनी चार माणसं जमवून 1884 साली हुजूरपागा काढली. का काढली? घरी शिकण्यात काय हाल असतात ते त्यांनी घरात बघितले होते म्हणून."

चिरंजीव वर आले ते पाणी प्यायले आणि लॅपटॉप उघडून बसले. एक्सेलमध्ये ‘शेजाऱ्यांच्या शंका आणि उत्तरं’ असा तक्ता होता. त्यात या शंकेपुढची चौकट अजून रिकामी आहे.

कायद्याची फाइल वेगळी. ती मी वाचली, कारण घरात कागद वाचणारा मीच. शिक्षणहक्काचा कायदा 2009 चा, अमलात आला 1 एप्रिल 2010 पासून. वय 6 ते 14. मुलाला शाळेत घालणं हे आईबापांचं कर्तव्य, असं त्यात लिहिलं आहे. घरी शिकवण्याबद्दल चकार शब्द नाही. न घातल्यास आईबापांना शिक्षा काय, तेही नाही. 2012 साली केंद्र सरकारने दिल्लीच्या उच्च न्यायालयात सांगितलं की ज्यांना घरी शिकवायचं त्यांनी खुशाल शिकवावं, कायदा आड येत नाही. पुढे ते प्रतिज्ञापत्र मागे घेतलं. म्हणजे परवानगी दिली, मग दिली नव्हती असं म्हटलं, आणि बंदीही केली नाही. बँकेत अशा खात्याला आम्ही ‘पेंडिंग’ म्हणायचो आणि कपाटाच्या वरच्या खणात ठेवायचो. दहावीचं मात्र खरोखरच ठरलेलं आहे. नोएडाची एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, 14 वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही दहावीला बसवते, शाळेचा दाखला नसला तरी चालतो. शिवाय आपल्या बोर्डाचा 17 नंबरचा फॉर्म आहेच. हे मी लिफ्टमध्ये सांगून पाहिलं. "17 नंबर? म्हणजे नापासांचा?" असं म्हणून दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ हळहळले आणि पहिल्यावरच उतरले. आता मी जिन्याने जातो.

सूनबाईंचा भर पुस्तकांवर. जॉन होल्ट नावाचे अमेरिकन मास्तर होते. वर्गात बसून मुलांकडे बघत राहिले आणि 1964 साली ‘मुलं नापास का होतात’ यावर पुस्तक लिहून मोकळे झाले. पुढे ते शाळेच्या इतके विरुद्ध गेले की 1977 मध्ये त्यांनी शाळेवाचून वाढणाऱ्या मुलांसाठी नियतकालिकच काढलं. या मंडळींत एक संकेत आहे: शाळेत जितकी वर्षं काढली तितके महिने मुलाला काही म्हणजे काही शिकवायचं नाही. शाळा आधी अंगातून उतरू द्यायची. नातीची बालवाडी धरून पाच वर्षं, म्हणजे पाच महिने सुट्टी. मी हा हिशेब स्वतःला लावला. 36 वर्षांच्या नोकरीचे 36 महिने; निवृत्तीनंतर तीन वर्षं मी काही केलं नाही ते शास्त्राला धरून होतं. हे मी आमच्या सौभाग्यवतींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आणि मी घरात पंचेचाळीस वर्षं काढली, माझे महिने कधी सुरू होणार?" होल्ट यांनी याचं काय उत्तर दिलं आहे ते सूनबाई शोधताहेत.

पाच महिन्यांची रजा पाच दिवसही टिकली नाही, कारण मूल रिकामं बसलेलं पेठेला बघवत नाही. पुस्तकं आणायला मला पिटाळलं. अप्पा बळवंत चौकातला दुकानदार मान वर न करता म्हणाला, "शाळा?"

"शाळा नाही."

"काका, शाळा सांगा. सेट बांधून ठेवलेत."

"तिसरीची बालभारतीची पुस्तकं द्या. शाळा नाहीये."

"मीडियम?"

"घर."

"होम सायन्स शेजारच्या दुकानात."

शेवटी मी शेजारच्या एका शाळेचं नाव सांगितलं, दुकानदार सुखावला आणि सेट मिळाला. त्यात त्या शाळेचा छाप असलेली डायरी सक्तीची होती. घरी आल्यावर चिरंजीव म्हणाले, "बाबा, बालभारतीची सगळी पुस्तकं त्यांच्या साइटवर फुकट असतात." हे वाक्य मी जाण्याआधीही बोलता आलं असतं.

विज्ञानासाठी अरविंद गुप्तांची खेळणी करायची ठरली. गुप्ता आयआयटीतले, आपल्या आयुकातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षं काम केलेले. कचऱ्यातून खेळणी आणि खेळण्यांतून विज्ञान. त्यांची आगपेटीच्या काड्यांची रचना प्रसिद्ध आहे. काड्या जोडायला सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब लागते. सायकलींचं शहर म्हणून ज्या पुण्याची ख्याती, त्यात मी व्हॉल्व्ह ट्यूब शोधत फिरलो. एका दुकानदाराने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "आजोबा, अजून हर्क्युलस चालवता?" त्याने आतून एक डबा काढला, फुंकर मारली, वीतभर नळी कापून दिली आणि पैसे घेतले नाहीत. "राहू द्या, विचारलंत हेच खूप." घरी त्रिकोण झाला, चौकोन झाला. चौकोन दाबला की वाकडा होतो, त्रिकोण होत नाही. नात तो पुन्हा पुन्हा दाबून बघत होती. मग खिडकीतून समोरच्या बांधकामाच्या क्रेनकडे बोट दाखवून म्हणाली, "म्हणून तिथे सगळे त्रिकोणच आहेत." त्या दिवशी मला मटकीच्या तक्त्याची आठवण होऊन सूनबाईंची बाजू पटली. हेही मी बोललो नाही.

आता शिक्षकवृंद. चिरंजीव आणि सूनबाई दोघं कॉम्प्युटरवाले, घरूनच काम करतात, म्हणजे घरी असतात पण मिळत नाहीत. वेळापत्रकात त्यांचे तास सकाळी साडेसात ते साडेआठ. तेवढ्यात एक जण अमेरिकेशी बोलत असतो आणि दुसरा काल अमेरिकेशी बोलल्यामुळे झोपलेला असतो. उरलेलं सगळं आमच्याकडे. गणित आणि इतिहास मी. मराठी, पाढे, शिस्त, खाणं, अभ्यासेतर उपक्रम आणि मुख्याध्यापकपद आजीकडे. दुपारी एक ते चार शाळा बंद. याच्यावर कुणी विनोद करू नये. विद्यार्थिनी जागी असते, स्टाफला विश्रांती लागते.

शिस्तीचा पहिला प्रसंग अर्थातच शेंगांचा. भाजलेल्या शेंगा खाल्ल्या, टरफलं सतरंजीवर. आजी म्हणाली, उचल. नातीने लोकमान्यांची गोष्ट मीच सांगितलेली होती ती मलाच सांगितली: मी टरफलं टाकली नाहीत, मी उचलणार नाही. आजी म्हणाली, "टिळकांच्या वर्गात पन्नास पोरं होती. तुझ्या वर्गात कोण आहे?" नातीने सगळीकडे पाहिलं. वर्गात ती एकटीच. उचलली तिने; पण जाताना माझ्याकडे असं पाहिलं की, इतिहासाच्या शिक्षकाने ही अडचण आधी सांगायला हवी होती.

तेव्हापासून मी इतिहास जपून शिकवतो, पण पेठ शिकवू देईल तर ना. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं, भिडे पूल पाण्याखाली गेला आणि अख्खी पेठ नेहमीप्रमाणे नदीकाठी बघायला गेली. मी नातीला नेलं. हा गणिताचा तास. तिथे आमचे शेजारी, पाटबंधारे खात्यातले निवृत्त काका, छत्री घेऊन उभेच होते. "25 हजार क्युसेक सोडलंय. सांग बघू, किती लिटर?" एक घनफूट म्हणजे अठ्ठावीस लिटर आणि वर थोडं. नातीने अठ्ठावीस धरून माझ्या पेपरच्या कोऱ्या समासात गुणाकार केला. सेकंदाला सात लाख लिटर. काका खूश. "आपल्या इमारतीची टाकी वीस हजाराची. सेकंदात किती टाक्या?" पस्तीस. सोसायटीचे सेक्रेटरी मागेच उभे होते, तेही कौतुकाने पाहू लागले. नातीने पेन्सिल कानावर ठेवली आणि विचारलं, "मग परवा टँकर का मागवला होता?"

काका नदीकडे पाहू लागले. सेक्रेटरींना फोन आला. मी म्हटलं, हा भाग अभ्यासक्रमात नाही. "कुणाच्या?" तिने विचारलं. अभ्यासक्रम आम्हीच ठरवतो हे तिला माहीत आहे, ही होमस्कूलिंगची सर्वांत मोठी गैरसोय.

पूर म्हटलं की पानशेत आलंच. 12 जुलै 1961. मी तेव्हा लहान होतो, आईच्या कडेवर की हाताला धरून, यावर घरात एकमत नाही. धरण फुटलं, मागोमाग खडकवासला गेलं, नदीकाठच्या पेठांतून पाणी शिरलं, वाडेच्या वाडे बसले. पुस्तकात हे दोन ओळींत उरकतात. नातीने प्रकल्प घेतला: आपल्या गल्लीत पाणी कुठपर्यंत आलं होतं? वही घेऊन ती दारोदार हिंडली. कुणी म्हणालं तिसऱ्या पायरीपर्यंत, कुणी कोनाड्यापर्यंत, कुणी माडीच्या कठड्याला लागलं होतं असं हात उंच करून दाखवलं. तळमजल्यावरच्या आजींनी तर भिंतीवर खूण करून दिली आणि तीन तास त्या दिवसाबद्दल बोलल्या. भांडी कशी वाहून गेली, मग चिखलातून एकच पितळी तांब्या कसा सापडला, शेजारच्या वाड्यातले लोक कुणाकडे किती दिवस राहिले. तो तांब्या त्यांनी नातीच्या हातात दिला. अजून वापरतात.

वहीत नातीने नाव, पाणी कुठवर आणि तुमचं वय असे तीन रकाने केले होते. संध्याकाळी मी पाहिलं तर सगळ्यांत उंच पाणी ज्यांनी सांगितलं, त्यांचा जन्म 1965 चा. "आजोबा, हे काका तेव्हा पोटात पण नव्हते. मग त्यांना जास्त कसं दिसलं?" मी काही म्हणायच्या आत तिने त्या आकड्यापुढे पेन्सिलीने बारीकसं प्रश्नचिन्ह काढलं. पुण्याचा इतिहास लिहिणाऱ्या कित्येकांना ही खूण काढता आलेली नाही, पण ते असो. या पेठेत माणसं जपून बोलतात, मीही बोलतो.

लोक आणखी एक काळजी करतात, मूल एकलकोंडं होईल. ही काळजी करणाऱ्यांनी आमच्याकडे एक दिवस राहून जावं. इथे माणसाला एकटं बसायचं असेल तर पुणे मराठी ग्रंथालयात जाऊन वाचनाचं सोंग घ्यावं लागतं, आणि तिथेही कुणीतरी पेपर संपला का म्हणून उभं राहतंच. नातीशी बोलणाऱ्यांत इस्त्रीवाला आहे, गणपती मंडळाचे कार्यकर्ते आहेत, आणि तिला बुद्धिबळ शिकवण्याची जबाबदारी स्वतःहून घेतलेले आणि तिच्याकडून हरायला लागल्यापासून डोळ्यांना कमी दिसतं असं सांगणारे चौथ्या मजल्यावरचे आजोबाही आहेत. बरोबरीची मुलं मात्र संध्याकाळी सहानंतरच. त्याआधी ती शाळेत, आणि शाळेनंतर क्लासला. मोकळी एकटी हीच. उणीव म्हणायची तर हीच, आणि ती तिच्यामुळे नाही.

मग एके दिवशी दारात शाळाबाह्य मुलांची पाहणी करणाऱ्या बाई उभ्या राहिल्या. ही पाहणी अधूनमधून होते. 4 जुलै 2015 ला तर राज्यभर एकाच दिवसात झाली होती आणि मोजलेल्या मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली होती. बाई स्वतः शिक्षिका, उन्हातून आलेल्या, पायाची चप्पल तुटत आलेली. आजीने आधी पन्हं दिलं. बाईंनी फॉर्म उघडला. मुलगी शाळेत जाते का? नाही. कामाला जाते का? नाही. तुम्ही बाहेरगावाहून आलात का? आजी म्हणाली, सहा पिढ्या याच गल्लीत. धाकटी भावंडं सांभाळावी लागतात का? भावंडं नाहीत.

"मग शाळेत न जाण्याचं कारण काय लिहू?" बाई खरंच अडल्या होत्या.

"आजोबांना सांभाळते," नात म्हणाली.

बाई हसल्या आणि पेनचं टोपण लावलं. त्यांनी नातीची पानशेतची वही मागून घेतली, उभ्यानेच वाचायला लागल्या, मग बसल्या. जाताना विचारलं, "या रकान्यांचा फोटो काढू का? आमच्या वर्गाला दाखवते." फॉर्मवर काय लिहिलं ते आम्ही विचारलं नाही.

दिवाळीनंतर तिसऱ्या मजल्यावरची मुलाची आई आली. मुलगा दुपारच्या बालवाडीत, सकाळी घरी; तिची ऑफिसची वेळ बदललेली. "काकू, साडेनऊ ते साडेअकरा याला तुमच्याकडे बसवाल? आणि ॲडमिशनची फी काय ती सांगा, डोनेशन वगैरे." आजी म्हणाली, फी नाही, पण रुमाल आणि डबा पाहिजे. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरच्या त्याच हळहळणाऱ्या गृहस्थांचा नातू आला. मग कुणाची तरी भाची. देवघरातली घंटा बैठकीत आली. हजेरी सुरू झाली. ती घेते नात, ठणठणीत आवाजात, आणि उशिरा येणाऱ्याला दारात उभं करते. माझ्याकडे फळा पुसायचं काम आहे. चिरंजीव एका मीटिंगमधून बाहेर आले, त्यांनी सतरंजीवरच्या रांगेकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बाबा, ही तर शाळा झाली."

गेल्या सोमवारी नात उठली नाही. पांघरूण डोक्यावर घेऊन म्हणाली, "आजी, पोटात दुखतंय. आज शाळेत जात नाही."

आजीने पोटाला हात लावून पाहिला, जीभ बघितली, ओव्याचं पाणी दिलं आणि बैठकीत जाऊन हजेरीपट उघडला. मग सूनबाईंच्या खोलीचं दार वाजवलं. आतून अमेरिकेचा आवाज येत होता.

"रजेचा अर्ज लागेल," आजी म्हणाली. "पालकांच्या सहीचा."